ट्रॉलीला रंग नंतर मारा, आधी भोक पाडा

आज भाजीचं, खताचं काही नाही. आज ट्रॉलीबद्दल लिहितोय, आणि जरा रागानेच लिहितोय. राग स्वतःवरच आहे.

ज्येष्ठातली गोष्ट. वाडीतला शेवटचा चढ चढताना मागून कापड फाटल्यासारखा आवाज आला. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली मागे. दांडी जिथे चासीला जोडलेली असते तिथून तुटली होती. भरलेली ट्रॉली उतारावरून मागे घरंगळत बांधाला जाऊन टेकली. रोज संध्याकाळी कामाच्या बायका त्याच ट्रॉलीत मागे बसून घरी जातात. बसू नये हे मला कळतं, तुम्हालाही कळतं, तरी बसतात आणि आपण बसू देतो. त्या दिवशी त्या अर्धा तास आधी चालत गेल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

आता कळीची गोष्ट. ट्रॉली बाहेरून चकाचक होती. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड आणि त्यावर निळा रंग मारतो. दसऱ्याला झेंडू, हळदकुंकू, नारळ. सात-आठ वर्षं हे चाललंय. आमच्या वेल्डरने तुटलेल्या जागेच्या शेजारी हातोडीचा एक साधा ठोका मारला, तर हातोडी आत गेली. चौकोनी पाईपच्या आतून ओंजळभर काळपट खपल्या पडल्या, त्याही ओल्या. बाहेरचा रंग तसाच धरून होता. म्हणजे इतकी वर्षं मी पापुद्र्याला रंग देत होतो.

वेल्डर म्हणाला, "दादा, हे बाहेरून नाही सडलं. आतून सडलं."

चौकोनी पाईप दोन्ही टोकांना बंद असला तरी पूर्ण बंद कधीच नसतो. बोल्टचं भोक असतं, वेल्डिंगची कड कुठेतरी सुटलेली असते. पावसाचं पाणी तिथून आत जातं, रात्रीच्या गारव्यात आतली दमट हवा निथळते, आणि बाहेर पडायला वाट नसते. चार महिने पाऊस, चार महिने दव. लोखंडाला सुकायला आपण दिवसच देत नाही.

यावर माझे डोळे खऱ्या अर्थाने उघडले ते खारदांड्याला. आमचे बाबा असल्यापासून सुक्या मासळीचा कुटा आम्ही दांड्यातल्या एका घराकडून घेतो. चाळताना खाली उरलेलं, मोडकं, खाण्यालायक नसलेलं असं सगळं. नारळाला आणि केळीला त्याच्यासारखं खत नाही. (अर्नाळा जवळ असताना दांड्याहून कशाला आणता, असं विचारणारे आहेत. नातं आहे, म्हणून आणतो.) टेम्पोने वसईपर्यंत येतं आणि पुढे वाडीपर्यंत माझ्या ट्रॉलीतून. म्हणजे माझ्या ट्रॉलीत दरवर्षी काय सांडत होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. मीठ. समुद्राच्या पाण्यात धुऊन वलांडीवर वाळवलेली मासळी, तिचा भुगा फळीच्या फटीत, अँगलच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या कडीखाली. मी झाडून काढायचो. धूत नव्हतो.

ट्रॉली मोडल्यावर हिशेबासाठी दांड्याला गेलो तेव्हा काकांच्या दारातली हातगाडी नीट पाहिली. ती हातगाडी रोज बर्फ आणि मासळीचे क्रेट वाहते. रोज खारं पाणी तिच्यावरून गळतं, समुद्र हाकेवर, वारा चोवीस तास खारा. माझ्या ट्रॉलीपेक्षा वयाने मोठी. गंज आहे, नाही असं नाही, सगळीकडे तपकिरी सायीसारखा. पण ठोकून पाहिलं तर टण्ण वाजते.

काकांना विचारलं तर हसले. म्हणाले, "लोखंडाला खारं पानी मारीत नाय रे, बसलेलं पानी मारतं."

मग निरखून पाहिलं. गाडीत एकही बंद पाईप नाही, सगळा उघडा अँगल, आणि अँगलची पन्हाळ वर नाही तर खाली केलेली, म्हणजे पाणी साचायला जागाच नाही. फळ्यांमध्ये बोटभर फट. रात्री काम संपलं की काकी नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या गाडीवर ओतते, आधी वरून, मग गाडी उभी करून खालून. दांड्यात नळाचं पाणी काही वाहत्या ओढ्यासारखं नाही, तरी त्या दोन बादल्या चुकत नाहीत. आणि नट-बोल्ट दरवर्षी नवे. रंग? रंग कधी मारला होता ते काकांना आठवेना.

काकांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. मीठ निर्दोष नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा त्याच्या वरच असते. म्हणजे कोपऱ्यात चिमूटभर मीठ राहिलं की पाऊस नसतानाही तिथलं लोखंड ओलंच राहतं. वर मीठ गंजाची वाट सोपी करतं, ते वेगळंच. तेव्हा मीठ ओल धरून ठेवतं आणि बंद पाईप ती ओल बाहेर जाऊ देत नाही. माझ्याकडे दोन्ही होतं. काका दोन बादल्यांनी मीठ काढतात आणि उघड्या अँगलने ओल घालवतात.

घाटावरचे मित्र म्हणतील, आमच्याकडे समुद्र कुठे. अहो, तुम्ही पोटॅशची पोती वाहता ना? म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. फुटलेल्या पोत्यातून सांडलेलं पोटॅश आणि युरिया, त्यावर ओलं शेणखत, आणि ट्रॉली तशीच शेडमध्ये. दांड्याचा समुद्र तुमच्या शेडमध्ये आलाच की. आणि ट्रॉलीच्या कडेवर गुटख्याची पिंक टाकणाऱ्यांसाठी: कोलकात्याच्या हावडा पुलाच्या खांबांच्या बुडाला बसवलेले पोलादी पत्रे लोकांच्या थुंकीने झिजून निम्म्यावर आले होते, शेवटी ते फायबरने झाकावे लागले.

गंजाला हलकं समजू नका, हे सांगायला दांड्याहून लांब जायलाही नको. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग सकाळी रुळांवर कोसळला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत गंजलेले आधार आणि वर वाढवत नेलेलं ओझं, या दोन्ही गोष्टी पुढे आल्या. ट्रॉलीचं वेगळं काय असतं? आधार आतून खातो आणि आपण वर फळी चढवून आणखी दहा पोती टाकतो.

आता माझं मत. काही जणांना आवडणार नाही.

पहिलं म्हणजे गंजावर रेड ऑक्साइड मारणं ही दुरुस्ती नाही, ते झाकणं आहे. प्रायमर स्वच्छ, कोरड्या, मीठ नसलेल्या लोखंडावर काम करतो. खपलीवर मारलेला रंग खपलीसोबत निघतो. आणि नुसता रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्यावर वरचा रंग लागतोच. मी कित्येक ट्रॉल्या पाहिल्यात, नुसत्या लाल, वर्षानुवर्षं.

दुसरं, थिगळ. गंजलेल्या जागेवर वरून पत्रा ठेवून चार ठिकाणी टाके मारायचे, हे आपल्याकडे सर्रास चालतं. माझीही दांडी तीन वर्षांपूर्वी अशीच 'मजबूत' केली होती, आणि ती नेमकी तिथेच तुटली. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, आत गंज धरतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि पत्रा फुगून टाका तोडतो. या वेळी वेल्डरला सांगितलं, चमकतं लोखंड लागेपर्यंत काप. त्याने हातभर कापलं. जोड समोरासमोर बसवला आणि वेल्डिंग सलग, चारी बाजूंनी. तो कुरकुरला, वेळ दुप्पट लागला, पैसेही जास्त घेतले. दिले.

तिसरं, जळकं ऑईल. मीही मारायचो. काही काळ गंज थांबतो, खोटं का बोला. पण त्यावर धूळ बसून चिखल होतो, कुठे काय खातंय ते दिसत नाही, आणि पहिल्या पावसात ते सगळं आपल्याच वाफ्यात उतरतं. ज्या ट्रॉलीतून पालेभाजी नेतो तिला इंजिनातलं जळकं ऑईल लावायचं, हे आता मला करवत नाही.

तेलाची कल्पना मात्र वाईट नाही. जुने कोळी लाकडी होडीला मासळीचं तेल लावायचे. अमेरिकेत रस्ट-ओलियम नावाची रंगाची कंपनी १९२१ मध्ये रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका बोटीच्या कप्तानाने काढली. गंजलेल्या डेकवर मासळीचं तेल सांडलं तिथे गंज पसरायचा थांबला, हे त्याच्या लक्षात आलं, अशी कंपनीचीच गोष्ट आहे. काकांना सांगितली तर म्हणाले, मग आमची कंपनी कुठंय?

आणि चौथं, जस्ताची वडी. बोटीच्या पंख्याजवळ पाण्याखाली जस्त लावतात, ते स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. ते पाहून एकाने मला ट्रॉलीला जस्ताचे तुकडे बोल्टने लावायला सांगितलं. पैसे वाया घालवू नका. बोट पाण्यात बुडालेली असते म्हणून तिथे ते चालतं. हवेत उभ्या ट्रॉलीवर लावलेला तुकडा हातभर लांबचं लोखंड वाचवत नाही. जस्त हवंच असेल तर ते अंगभर चढवलेलं हवं, म्हणजे गरम जस्ताच्या कुंडात बुडवून. त्यातही गंमत बघा. कुंडातलं जस्त साधारण ४५० अंशांचं असतं, बंद पाईप तसाच बुडवला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो. म्हणून तिथेही आधी भोकं पाडावीच लागतात.

तर भोकं. प्रत्येक बंद पाईपच्या सगळ्यात खालच्या जागी, ट्रॉली उभी राहते त्या उताराला धरून, करंगळी जाईल न जाईल एवढं भोक. दांडीच्या मुळाशी आणि वेल्डिंगला लागून मात्र पाडायचं नाही, तिथे ताण असतो; जागा वेल्डरला विचारूनच ठरवा. माझ्या चासीला पहिलं भोक पाडलं तेव्हा तपकिरी पाण्याची धार लागली. मे महिन्यात धुतलेलं पाणी जूनमध्ये आतच होतं! वेल्डरही बघत राहिला.

पुढचं काम असं केलं. जॅकवर विसंबलो नाही, खाली लाकडाचे ठोकळे दिले. साटा रिकामा करून विहिरीच्या पाण्याने खालून-वरून दोनदा धुतलं, आणि पाऊस लांबला होता म्हणून तीन दिवस ऊन मिळालं. सगळीकडे ठोकत फिरलो. 'धप्' वाजलं तिथे खडूची फुली. ग्राइंडरला तारेची वाटी लावून खपल्या काढल्या, डोळ्याला चष्मा आणि तोंडाला मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. खड्ड्यांतला गंज निघेना तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंज काळा करणारं औषध लावून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून घेतलं. आणि प्रायमर त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत. आमच्याकडे घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी केशरी होतं. आधी कडा, कोपरे, बोल्टची डोकी ब्रशने, मग सपाट भाग. रंग कडेवर सगळ्यात पातळ बसतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. पाईपच्या आत, वेल्डिंग पूर्ण गार झाल्यावर, चारचाकीच्या दाराच्या आत मारतात तो मेणाचा स्प्रे नळीने मारला. भोकं मोकळी राहतील एवढं बघितलं.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी घ्या" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. नवी ट्रॉली घेताना आपण पत्रा किती जाड आणि टायर कोणते ते विचारतो. खाली वाकून पाईपची टोकं बघितलीत कधी? पाणी निघायला भोक आहे का, असं मी परवा एका ट्रॉली बनवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आजवर कोणी मागितलं नाही. मग तो तरी कशाला पाडेल? मागायला हवं, आणि उघड्या चॅनलची चासी मिळत असेल तर मी तीच घेईन. थोडी जड पडेल, पण गंज डोळ्यांना दिसेल.

या खंडेनवमीलाही झेंडू लागणारच, त्यात बदल नाही. पण आता दर खताच्या खेपेनंतर दोन बादल्या खालून मारतो, आणि भोकं बुजली नाहीत ना म्हणून त्यात एक काडी फिरवतो. ते काम धाकट्याकडे दिलंय, त्याला आवडतं. दांड्याचा पुढचा कुटा दिवाळीनंतर येईल, तोवर फाळक्याच्या बिजागऱ्या बदलायच्या राहिल्यात.