खारीचा वाटा आणि खारीला वाटा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे वेळापत्रकातला शेवटचा तास, तोही बऱ्याचदा पी.टी.ला जायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण जे सांगायचं आहे ते इंग्रजीत सांगून चालणार नव्हतं. कारण ते मला आमच्या मेसच्या मावशींनी शिकवलं, आणि त्यांनाही हे वाचता आलं पाहिजे.

गेल्या मार्चमध्ये आमच्या होस्टेलमागच्या गुलमोहराची छाटणी झाली. कॉलेजात तपासणी समिती येणार होती. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, त्यात झाडांचाही नंबर लागला. दुपारी लेक्चर संपवून आम्ही आलो तर अंगणात फांद्यांचा ढीग, आणि ढिगात एक विस्कटलेलं घरटं. काथ्या, वाळकं गवत, कापूस (आमच्याच गाद्यांमधला!) आणि कुणाच्या तरी ओढणीचे गुलाबी धागे. त्यात खारीचं एवढंसं पिल्लू. डोळे मिटलेले, पाठीवर पुसट पट्टे, अंग गार पडलेलं.

मग आम्ही काय केलं? कुठल्याही चांगल्या मनाच्या मुलींनी केलं असतं तेच. ओंजळीत घेऊन पळत रूमवर आणलं. मेसमधून वाटीभर गाईचं दूध आणलं. तान्ह्या बाळाला धरतात तसं उताणं धरून ड्रॉपरने तोंडात सोडलं. दोन थेंब गेले, तिसऱ्याला दूध नाकातून बाहेर आलं. आम्हाला वाटलं, पोट भरलं असेल! फोटो काढले, स्टेटसला टाकले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या होस्टेलचं 'सो क्यूट' म्हणून झालं होतं.

त्या दुपारभर खिडकीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीवर, एक खार चिरचिर ओरडत इकडून तिकडे पळत होती. माझी रूममेट वैतागून म्हणाली, "हिला आज झालंय तरी काय?" आणि मी उठून खिडकी लावून घेतली.

हे वाक्य लिहिताना मला आजही लाज वाटते.

रात्री पिल्लाच्या श्वासाचा घरघर आवाज येऊ लागला. सकाळी जुलाब. रडकुंडीला येऊन मी मेसमध्ये गेले. मावशींनी पोळ्या लाटता लाटता एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं पोरी, उताणं पाजलंस होय? आणि गाईचं दूध? आधी त्याला ऊब दे, पोटाचं मागनं बघू. आणि डाक्टरकडं ने." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आम्हा चौघींना जे सुचलं नाही ते त्यांना एका नजरेत कळलं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. गार पडलेल्या पिल्लाला पचवता येत नाही, म्हणून आधी ऊब, मग ओआरएसचे थेंब, आणि दूध सगळ्यात शेवटी. गाईचं दूध अशा पिल्लांना बाधतं, म्हणून कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दुधाची पावडर. पाजताना पिल्लू पालथं हवं, म्हणजे आईला पितं तसं. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज, एका वेळी एक थेंब. उताणं पाजल्यामुळे दूध श्वासनलिकेत गेलं होतं आणि त्यातून न्यूमोनिया झाला होता.

म्हणजे बघा, झाडावरून पडून ते वाचलं होतं. त्याला आजारी पाडलं ते आमच्या प्रेमाने.

डॉक्टरांनी वनविभागाला कळवायलाही लावलं. खार हा वन्य प्राणी आहे, मांजरासारखा पाळायचा नाही. आम्ही १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवा आणि बरं झालं की आहे तिथेच सोडा, असं सांगण्यात आलं.

पुढचे पंधरा दिवस विचारू नका! बुटाच्या खोक्याच्या अर्ध्या भागाखाली गरम पाण्याची पिशवी, अर्धा भाग मोकळा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता यावं. दर दोन-तीन तासांनी दूध, मध्यरात्रीसुद्धा. चौघींच्या पाळ्या लावल्या. दूध पाजलं की ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचं, कारण एवढी लहान पिल्लं आपणहून शी-शू करत नाहीत. आई चाटते तेव्हाच करतात. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर रोज वजन. पहिल्या दिवशी २२ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी २१. लॅब असिस्टंट सरांनी वहीत नोंद केली आणि काही न बोलता चष्मा पुसला. चौथ्या दिवशी काटा २३ वर गेला तेव्हा त्यांनीच आधी टाळी वाजवली. एरवी माझ्या जर्नलवर सही करताना सर इतके खूश कधी दिसले नव्हते.

घरघर थांबली. डोळे उघडले. तिचं नाव आम्ही ठेवलं 'रेझिस्टर', कारण पाठीवर स्पष्ट पाच पट्टे उमटले. (रामाने बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे, असं आजी सांगायची. आमच्याकडची पाच पट्ट्यांची निघाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या हिशेबाने टॉलरन्स एकच टक्का!)

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात, तू तिला वाचवलंस. वाढदिवसाच्या कार्डावरही मैत्रिणींनी तसंच लिहिलं. पण मी डॉक्टरांना विचारलं होतं, "सर, आम्ही तिला उचललंच नसतं तर?" ते म्हणाले, पिल्लाला ऊब देऊन, उघड्या खोक्यात, त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवून तुम्ही लांब उभ्या राहिला असतात, तर बहुतेक आई येऊन तोंडात धरून घेऊन गेली असती. खारी दिवसा वावरतात, दुपारभर वेळ होता. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही समजूतही खोटी.

आई तर समोरच्या भिंतीवर होती हो! ओरडून ओरडून सांगत होती. आम्ही खिडकी लावून घेतली आणि आत बसून दयाळू झालो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नुसती दया पुरत नाही. ज्याच्यावर दया करायची त्याची थोडी तरी माहिती पाहिजे. आपण सर्किटला सप्लाय देण्याआधी डेटाशीट बघतो, कारण आयसी जळाला तर वीस रुपये जातात. आणि जिवंत पिल्लाच्या तोंडात मात्र हाताला लागेल ते ओततो. पाच मिनिटं थांबून कुणाला तरी विचारलं असतं तर? विचारायला लाज कसली? माहिती मेसमध्ये पोळ्या लाटत उभी होती.

दुसरं म्हणजे, वाचवलं म्हणून ती आपली होत नाही. दीड महिन्याने रेझिस्टर माझ्या ओढणीवरून खांद्यावर चढायची, पेनाची टोपणं पळवायची. मला तिला घरी न्यायची फार इच्छा होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिंजरा घेऊ, असं बाबांशी बोलूनही झालं होतं. मग एकदा पीएलमध्ये अभ्यास करताना बघितलं, ती खिडकीच्या जाळीला चिकटून बाहेरच्या खारींचा आवाज ऐकत होती, अगदी स्तब्ध. त्याच दिवसापासून मी तिला हातात घेणं बंद केलं. खाण्यात उंबराची फळं, कळ्या, बिया सुरू केल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वॉचमन काकांनी मेसमागच्या उंबरावर लाकडी खोकं बांधून दिलं आणि आम्ही दार उघडं ठेवलं. पाच रात्री ती झोपायला परत आली. सहाव्या रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशी माझा एम-थ्रीचा पेपर होता. कसा गेला ते विचारू नका!

तिसरं सांगणं स्टाफला, लहान तोंडी मोठा घास घेऊन. झाडं छाटायलाच नकोत, असं मी म्हणत नाही. वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा छाटलेली बरी. पण कुऱ्हाड लावण्याआधी पंधरा मिनिटं झाडाखाली उभं राहून वर बघायला काय लागतं? फांदीच्या बेचक्यात गवत-काथ्याचा गोळा दिसला तर ती फांदी दोन महिने राहू द्या. छाटणीच्या यादीत 'घरटे तपासले' असा एक रकाना वाढवा. समितीला तोही दाखवता येईल.

सेतू बांधताना खारीने अंगाला वाळू लावून आणली, म्हणून प्रत्येक गॅदरिंगच्या भाषणात आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. आमचा खारीचा वाटा, तुमचा खारीचा वाटा... पण या आवारात खारीला तिचा वाटा कोण देणार? ती तरी काय मागते? एक फांदी, आणि तिचं पिल्लू पडलं तर ते उचलून न्यायला एक दुपार.

आता आवारात कुठलीही खार दिसली की मला वाटतं, हीच ती. मी हाक मारत नाही. फक्त खिडकी उघडी ठेवते.