देठ हुंगायचा कसा?

‘देवगड हापूस ऑनलाइन कोणीही विको, ग्राहकाने पारखून घ्यावा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अजिबात पटले नाही. बाजारात आपण देठाशी नाक नेतो, साल चाचपतो. मोबाइलवर दिसतो तो नुसता फोटो, आणि तोही कुणाच्या बागेतला कोण जाणे! कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात भरून खपवणे हे जुनेच दुखणे, आता ते घरपोच येते. तो आंबा वाईट नाही. तो त्याच्याच नावाने विकावा, एवढेच.

हापूसचे भौगोलिक मानांकन २०१८ चे, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांपुरते. देवगडच्या बागायतदारांनी तर फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. मग विक्रीची जागा देणाऱ्या कंपन्यांनी विक्रेत्याकडे मानांकनाची नोंदणी का मागू नये? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवावाच लागतो. त्यात हा एक रकाना वाढवणे कठीण नाही. तक्रारीनंतर कारवाई पुरत नाही. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. चौकशी होईतो पेट्या विकून विक्रेता मोकळा झालेला असतो.

– एक आंबा बागायतदार, सिंधुदुर्ग