माळ्यावरचे डबे

व्यवसायबंधू घरी आले की बैठकीतील काचेच्या कपाटापाशी थांबतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात. त्या कपाटात ग्रंथ नाहीत, मानचिन्हे नाहीत. चपटे, गोल, पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे डबे एकावर एक रचलेले आहेत. त्यांत चॅप्लिन, बस्टर कीटन आणि लॉरेल-हार्डी यांचे मूक विनोदपट आहेत, काही ८ मिलिमीटरच्या, काही सुपर ८ च्या, तर दोन १६ मिलिमीटरच्या फितीवर. प्रश्न असा असतो : ‘‘डॉक्टर, हे सगळे आता मोबाईलवर फुकट दिसते. मग हा पसारा कशाला?’’

प्रश्न रास्त आहे. आजवर मी त्याला हसून बगल देत आलो. या स्मरणिकेच्या निमित्ताने मात्र नीट उत्तर द्यावे असे वाटले. कारण ते उत्तर केवळ माझ्या छंदापुरते नाही. ते आपणांपैकी अनेकांच्या घरच्या माळ्यापर्यंत जाऊन पोहोचते.

माझे धाकटे काका भूलतज्ज्ञ होते. सात वर्षे अमेरिकेत काढून १९७८ साली ते इंदूरला परतले. सामानात एक सुपर ८ चा प्रोजेक्टर, एक छोटा कॅमेरा आणि फितींचे अकरा डबे होते. प्रोजेक्टर ११० व्होल्टचा. त्यासाठी काकांनी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला होता आणि तो सुरू केला की त्याच्या गुणगुणण्याने आजीच्या जपात व्यत्यय येई. दिवाळीच्या सुटीत गच्चीच्या खोलीत धुतलेले पांढरे धोतर ताणून बांधले जाई आणि आम्ही दहा-बारा मुले सतरंजीवर बसत असू. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या धोतरावर मी ‘बिग बिझनेस’ (१९२९) प्रथम पाहिला. नाताळची झाडे दारोदार विकणारे लॉरेल आणि हार्डी, आणि झाड नको म्हणणारा, मिशाळ, चिडखोर गृहस्थ जेम्स फिन्लेसन. एकाने दुसऱ्याचे काही मोडायचे, दुसऱ्याने ते शांतपणे पाहायचे, मग पुढे होऊन पहिल्याचे काही मोडायचे. अखेरीस इकडे घराची धूळधाण, तिकडे मोटारीचा सांगाडा! आजी जप थांबवून दारात येऊन उभी राहिली होती. तिला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते आणि त्या पडद्यावर तिला कुणाचीच गरज पडली नाही.

हे चित्रपट घरात कसे पोहोचले, ते सांगणे आवश्यक आहे. मूळ चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फितीवर असत आणि ती फीत नायट्रेटची, म्हणजे अक्षरशः ज्वालाग्राही. घरी ती चालवणे म्हणजे स्फोटक पदार्थाशी खेळच. म्हणून घरगुती फिती आरंभापासून न पेटणाऱ्या ॲसिटेटवर काढल्या गेल्या. पाथे कंपनीने १९२२ साली ९.५ मिलिमीटरची फीत आणली, कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची, १९३२ साली ८ मिलिमीटरची आणि १९६५ साली सुपर ८. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, १६ मिलिमीटरच्या फुटात ४० आणि ८ मिलिमीटरच्या फुटात ८०. म्हणजे चित्रपटगृहातील हजार फुटांचे रीळ घरच्या दोनशे फुटांच्या डब्यात बसते. कथेतली एक चौकटही न गाळता. फक्त चौकट तेवढी नवजात बाळाच्या नखाएवढी होते.

अशा प्रती भाड्याने देणारी ग्रंथालये अमेरिकेत १९२० च्या दशकातच निघाली. पुढे आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावच्या ब्लॅकहॉक फिल्म्सने त्या थेट विकण्याचा मोठा व्यापार उभा केला. आवडीचा चित्रपट यादीतून निवडावा, पैसे पाठवावेत आणि टपालाने डबा यावा. काकांचे अकराही डबे असेच आलेले. चित्रपटाच्या आरंभी तो कुणी, केव्हा केला याची माहिती देणारी पाटीही ब्लॅकहॉकवाले जोडत. आम्हां मुलांना ती कंटाळवाणी वाटे. आज मला ती चित्रपटाइतकीच प्रिय आहे.

आता ‘पसारा कशाला’ याचे पहिले उत्तर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेथील सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण ते परदेशी आवृत्तीच्या वा १६ मिलिमीटरसारख्या लहान फितीच्या रूपाने. या दुसऱ्या आकड्यापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. ज्या कंपन्यांनी हे चित्रपट काढले त्यांनी बोलपट आल्यावर त्यांना अडगळ मानले. काही जाळले, काही गोदामांत कुजू दिले. त्यांतले अनेक वाचले ते घरी करमणुकीसाठी प्रत नेणाऱ्या सामान्य माणसांमुळे.

एक उदाहरण देतो. लॉरेल-हार्डींचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा १९२७ चा दोन रिळांचा विनोदपट. त्याच्या दुसऱ्या रिळात एका रस्त्यावर क्रीमच्या ‘पाय’ची (आपल्याकडे हा शब्द उच्चारला की भलतेच डोळ्यांसमोर येते, हा एक गोड पदार्थ आहे) अशी काही फेकाफेक होते की तीन हजार पाय खर्ची पडल्याचा डांगोरा त्या काळी पिटला गेला. रॉबर्ट यंगसन याने १९५७ साली ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ या संकलनपटात त्यातली काही मिनिटे वापरली. पुढे मूळ फीत नष्ट झाली आणि जगाकडे तेवढे तुकडेच उरले. तब्बल अर्धशतकाहून अधिक काळ ते रीळ हरवलेले म्हणून गणले गेले. २०१५ साली जॉन मिर्सालिस यांना ते सापडले : यंगसनच्या संग्रहातून दुसऱ्या एका संग्राहकाकडे आणि त्याच्या पश्चात मिर्सालिस यांच्याकडे आलेल्या डब्यांत, १६ मिलिमीटरच्या प्रतीच्या रूपात. हे मिर्सालिस व्यवसायाने कोण असावेत? विषशास्त्रज्ञ! दिवसा औषधांची विषाक्तता तपासणारे आणि फावल्या वेळी मूकपटांना पियानोची साथ करणारे गृहस्थ. आपल्या मंडळातील ज्यांना छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम दिली.

आपल्या देशाची स्थिती याहून बिकट आहे. तेराशेच्या आसपास मूकपट येथे निघाले. पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत टिकले ते अगदी मोजके. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर बहुतेक हानी होऊन गेली होती. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून फिती मिळवल्या नसत्या, तर ‘कालिया मर्दन’ (१९१९) आपण केवळ नावानेच ओळखला असता. घरोघर प्रती पोहोचवणारा एखादा ब्लॅकहॉक आपल्याकडे उभा राहिला नाही, हेही या ऱ्हासाचे एक कारण आहे असे माझे मत आहे. साथीच्या रोगांच्या संदर्भात आपण लोकसंख्येतील प्रतिकारशक्तीविषयी बोलतो. येथेही तसेच आहे. एखाद्या तिजोरीला आग लागली तरी कुठल्या तरी गावच्या कपाटात प्रत उरावी लागते.

संग्राहकांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. ही जमात संशयी आणि चिक्कू. आपल्याकडे काय आहे ते सांगायचे नाही, सांगितलेच तर दाखवायचे नाही. याला इतिहासही आहे. अमेरिकेत १९७४ साली अभिनेता रॉडी मॅक्डॉवल यांच्या घरावर एफबीआयने छापा घालून त्यांचा संग्रह जप्त केला. पुढे खटला भरला गेला नाही, पण धाक बसायचा तो बसला. तरीही कुलूपबंद कपाटातील फीत ही फीत नव्हे, असेच मी मानतो.

म्हणून वर्षातून तीन-चार वेळा माझा प्रोजेक्टर रुग्णालयात जातो. थॅलेसेमियाची मुले दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी येतात. प्रत्येकाचे तीन-चार तास खाटेवर जातात. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे रिॲक्शनच्या दृष्टीने डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात. ती गेली की मी भिंतीवर चित्र टाकतो. पूर्ण अंधार करायला सिस्टर परवानगी देत नाहीत आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. त्यामुळे चित्र फिकट दिसते. यातील प्रत्येक मुलाच्या हाती मोबाईल असतो आणि त्यात याहून स्वच्छ चित्र दिसू शकते. पण मोबाईलवर प्रत्येक मूल एकटे हसते. येथे सहा खाटांवर एकाच क्षणी हसू फुटते, आणि हाताला सुई असल्यामुळे टाळी देता येत नाही म्हणून पाय आपटले जातात. गेल्या खेपेस ‘बिग बिझनेस’मध्ये सारी मोडतोड शांतपणे वहीत टिपून घेणारा पोलीस पाहून एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, ‘‘अंकल, ये पुलिसवाला रोकता क्यों नहीं, बस लिखता क्यों रहता है?’’ त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. त्याच्या आईला मात्र हसू आवरेना.

येथवर मी स्वतःची टिमकी बरीच वाजवली. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

काकांच्या सामानातील तो छोटा कॅमेरा आठवत असेल. त्याने त्यांनी सहा वर्षे आमचे घर टिपले. एका सुपर ८ च्या काडतुसात पन्नास फूट फीत; ती तीन मिनिटे वीस सेकंद चालते. असे कितीतरी तुकडे जोडून त्यांनी पाच रिळे केली होती. त्यांत आजी तुळशीला पाणी घालत होती, माझी मुंज होती, राजवाड्यासमोरून निघालेली मिरवणूक होती. हा १९८४ च्या आगीपूर्वीचा राजवाडा. १९९६ साली मी हौसेने ती रिळे एका स्टुडिओत देऊन व्हीएचएस कॅसेटवर उतरवून घेतली. भिंतीवर चित्र पाडून समोर व्हिडिओ कॅमेरा ठेवायचा, एवढेच ते तंत्र. चित्र लुकलुकत होते, कडा कापल्या गेल्या होत्या, पण मला काम फत्ते झाल्यासारखे वाटले. १९९९ साली घर बदलताना जागेची अडचण होती. लॉरेल-हार्डींचे डबे मी जपून नेले. ते विकतचे, परदेशी, मौल्यवान. घरची पाच रिळे ‘आता कॅसेटवर आहेतच’ म्हणून भंगारात दिली. काका तेव्हा हयात होते. त्यांनी विचारले तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही. पुढे चार पावसाळ्यांत कॅसेटला बुरशी लागली.

गणित किती उलटे होते, ते मला नंतर कळले. ‘बिग बिझनेस’च्या प्रती जगभर आहेत; माझी नष्ट झाली तरी काही बिघडत नाही. घरच्या कॅमेऱ्यातील फीत मात्र बहुधा रिव्हर्सल प्रकारची असे. तिला वेगळी निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी फीत गेली तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते. जगात एकच प्रत. जो आयुष्यभर प्रतींचे महत्त्व सांगत आला, त्यानेच ती एकमेव प्रत रद्दीच्या काट्यावर घातली.

इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकून आलेल्या डॉक्टरांच्या घरांत, असे डबे अजून असणार याची मला खात्री आहे. ते बहुधा माळ्यावर असतात, आणि माळा हे सर्वांत वाईट ठिकाण. ॲसिटेटची फीत उष्णतेने आणि ओलाव्याने विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सोडते आणि तेच आम्ल पुढील विघटनाला वेग देते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या फितीला ही व्याधी जडायला चाळीसेक वर्षे लागतात. आपल्याकडे मे महिन्यात माळ्यावर काय तापमान असते, ते आपण जाणताच. निदान सोपे आहे. डबा उघडून वास घ्यावा. शिरक्यासारखा आंबट वास आला तर विलंब करू नये. ती फीत जुन्या प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह टाळावा. आकसलेली फीत दात्यांत अडकून फाटते. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे टिपणाऱ्या स्कॅनरवर ती उतरवून घ्यावी. आणि उतरवून झाल्यावर मूळ फीत टाकू नये, ही विनंती मी हात जोडून करतो. अशा कामासाठी मंडळाने दिवाळी अंकावर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग राखून ठेवावा आणि डबे सभासदांकडून गोळा करावेत, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. यावर ‘आधी दवाखान्यातील उपकरणांचे बघा’ असे म्हणणारे भेटतील. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण उपकरण पुढल्या वर्षीही विकत मिळते.

काका २००९ साली गेले. त्यांच्या अकरा डब्यांपैकी नऊ उत्तम आहेत. ‘टू टार्स’ची एक प्रत पूर्वीच तुटून गेली. गेल्या उन्हाळ्यात ‘लिबर्टी’चा डबा उघडला तेव्हा तो वास आला. हा वास शेजारच्या फितींनाही बाधतो, म्हणून तो डबा मी इतरांपासून दूर, स्वयंपाकघराच्या पलीकडील कोरड्या कपाटात ठेवला आहे. सौभाग्यवतींनी त्यावर चिठ्ठी डकवली आहे : ‘विलगीकरण कक्ष’.