दुकानातली जमीन हलत नाही

आकिहाबाराच्या योदोबाशी कॅमेऱ्यात दुर्बिणी हातात घेऊन बघता येतात. बोशिन, म्हणजे थरथर थांबवणाऱ्या दुर्बिणीही तिथे असतात. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवरची किमतीची पाटी एकदम गोठल्यासारखी स्थिर होते, आणि आपण हरखून जातो. मीही हरखले होते. चौदा पट मोठं दाखवणारी, वजनाला हलकी अशी एक घेऊन घरी आले. बोटीसाठी घ्यायची होती, आणि तेवढी एकच गोष्ट मी दुकानात विसरले.

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण आईबाबा भारतातून आले की त्यांना कुरिहामा ते कानाया फेरीवर नेतात. चाळीस मिनिटांचा प्रवास, उरागाच्या सामुद्रधुनीतली मालवाहू जहाजांची रांग, हवा स्वच्छ असेल तर फुजी, आणि वसंतापासून शरदापर्यंत पाण्याला पंख टेकवत जाणारे ओओमिझुनागिदोरी. काही जण ताकेशिबाहून रात्रीच्या बोटीने हाचिजोजिमापर्यंत जातात. त्या वाटेवर अल्बट्रॉस दिसतो आणि हिवाळ्यात बेटाजवळ हंपबॅक देवमासे येतात. (जेटफॉइलचं तिकीट काढू नका. तिथे पट्टा लावून बसावं लागतं, डेकवर जाता येत नाही.) यंदाच्या बोनसमधून अशी दुर्बीण घेण्याचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

माझं मत आधीच सांगते: बोटीसाठी दहा पट पुरे. चौदा किंवा सोळा पटींचा मोह टाळा. आणि खोक्यावर ‘बोशिन’ लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, ती दुर्बीण किती अंशांपर्यंत सावरते ते विचारा.

कारण असं. आपल्या हाताची थरथर लहान आणि वेगवान असते, एका सेकंदात कितीतरी वेळा. बोटीचा डोल मोठा आणि संथ असतो, एका हेलकाव्याला काही सेकंद लागतात. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कॅननने १९९५ साली १२x३६ ची दुर्बीण आणली. तिच्यात दोन काचांमध्ये द्रव भरलेला, कोन बदलणारा प्रिझम आहे, आणि तो प्रकाशाची वाट क्षणोक्षणी सुधारत राहतो. हातासाठी ही युक्ती अफलातून आहे. पण या जातीच्या बऱ्याच दुर्बिणी साधारण एक अंशापर्यंतच सावरतात. एक अंश म्हणजे एक किलोमीटरवर सतरा-साडेसतरा मीटर. बोट त्याहून जास्त कलली की सावरण्याची हद्द संपते आणि चित्र उडी मारतं. फुजिनॉनच्या टेक्नोस्टॅबी १४x४० मध्ये ही हद्द पाच अंश आहे, त्यांच्याच छोट्या १२x२८ मध्ये तीन. म्हणून चौदा पटच हवी असा हट्ट असेल, तर ती पाच अंशांचीच घ्या. मात्र तिचं वजन किलोच्या वर आहे, आणि तिच्यातून दिसतं फक्त चार अंशांचं वर्तुळ. उडत्या पक्ष्याला त्या वर्तुळात पकडेपर्यंत तो चिबाला पोचलेला असतो.

दुसरी बाजू उजेडाची. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, हे उत्तर म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. जुन्या खलाशांची ७x५० घेतली तर ती सात मिलिमीटर, १०x४२ ला चार, १०x३० ला तीन, आणि माझ्या त्या चौदा पटीच्या दुर्बिणीला जेमतेम दोन. डेक हलत असताना दोन मिलिमीटरचा झोत बाहुलीवर धरून ठेवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. डोळा जरा सरकला की सगळं काळं.

कॅननची १०x४२ पाणीरोधक आहे आणि साडेसहा अंशांचं रुंद दृश्य देते. बोटीसाठी मला तीच सर्वात पटते, जरी तिची हद्द एक अंशाच्या आतली आणि किंमत लाखभर येनच्या वर असली तरी. कमी पटीमुळे उरलेला डोलही कमी मोठा होऊन दिसतो, आणि बाकीचा आपण गुडघे सैल सोडून अंगावर घ्यायचा. कोपरं छातीला टेकवा, कठड्याला नको. कठड्यातून इंजिनाची थरथर थेट हातात येते. पैसे इतके घालवायचे नसतील तर १०x३० घ्या, पण ती पाणीरोधक नाही हे लक्षात ठेवा. शिंतोडे उडायला लागले की जॅकेटच्या आत, आणि घरी आल्यावर ओलसर फडक्याने मीठ पुसायचं. चष्मा असेल तर तो लावूनच पूर्ण वर्तुळ दिसतं का ते दुकानातच बघा. बॅटरी बहुतेकांना तानसान, म्हणजे आपल्या डबल ए, लागतात. कोनबिनीत नुसतं ‘तानसान’ म्हणालात तर सोड्याची बाटली मिळेल, ‘देन्ची’ जोडायला विसरू नका.

दुकानात एक कराच: दोन्ही पायांवर आलटून पालटून वजन टाकत, कंबर झुलवत लांबची पाटी वाचा. लोक बघतील, बघू देत. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी घेऊनही एका वेळी मिनिटभराच्या वर बघू नये.

आता कोणी म्हणेल, वर्षातून एकदा फेरीवर जायचं, त्यासाठी एवढा खर्च कशाला? तुमचे हात स्थिर असतील तर खरंच नको. साधी ७x५० किंवा ८x३० घ्या. माझं म्हणणं ज्यांचे हात स्थिर नाहीत त्यांच्याबद्दल आहे. माझ्या बाबांना हातांची थरथर आहे, चहाची कपबशी वाजते एवढी. साध्या दुर्बिणीतून त्यांना मालवणला डॉल्फिन कधी दिसला नाही. ते हसून म्हणायचे, “मला काय करायचंय, तुम्ही बघा.” पहिल्या फेरीला मी माझी चौदा पटीची त्यांच्या हातात दिली. पक्षी सापडायचा, थांबायचा, आणि लाट आली की उडी मारून नाहीसा. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टा गळ्यातून काढला आणि म्हणाले, “तू बघ ग.” दुर्बिणीची चूक नव्हती. मी चुकीची निवडली होती.

या मे महिन्यात ते पुन्हा आले. मंडळातल्या एका मित्राची १०x४२ उसनी घेतली, बाबांना डेकच्या मध्यावर, जिथे डोल कमी असतो तिथल्या बाकावर बसवलं, आणि बटण कुठे ते दाखवलं. बोट धक्क्यावरून निघाली. जरा वेळाने म्हणाले, “अग, याच्या चोचीला वर नळी आहे!” खरंच असते, नागिदोरींच्या नाकपुड्या नळीसारख्या असतात. मला ते आजवर फक्त पुस्तकातून माहीत होतं. मी हात पुढे केला, त्यांनी तो पाहिला नाही. कानाया आलं तरी माझी पाळी आली नव्हती.