खुर्चीचा घसारा

खुर्ची म्हटली की लोकांना पुढारी आठवतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला घसारा आठवतो. आयकराच्या नियमांप्रमाणे फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा. म्हणजे १००० रुपयांची खुर्ची दहा वर्षांनी वहीत ३४९ रुपयांची उरते. आमच्या रामाकोन्यातल्या सागवानी खुर्चीला हा हिशेब चालेल. पण काही खुर्च्या या वहीत मावत नाहीत.

फ्रान्समधल्या जुन्या हातांच्या खुर्च्या घ्या. नेपोलियनच्या काळात महागनीच्या खुर्च्यांना सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची सिंहमुखे, स्फिंक्स, पानांच्या माळा जडवीत. हा मुलामा जीवघेणा होता. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप ब्राँझवर द्यायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. तो उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई; त्याचे हात कापू लागत, दात पडत. आपला सुतार, तांबट आणि सोनार असे तिघे एका खुर्चीसाठी कामाला लावावेत, आणि वर एकाचे आयुष्य खर्ची घालावे! कॉस्टिंगच्या पेपरात हा खर्च कोणत्या सदरात घालायचा?

त्याच्या थोडे आधी, क्रांतीच्या धामधुमीत, फ्रेंचांनी राजाची चैन म्हणून व्हर्सायच्या राजवाड्यातले सामान लिलावात काढले होते. १७९३-९४ साली सतरा हजारांवर लॉट विकले गेले. पुढे त्यातल्याच वस्तू शोधशोधून, भरपूर पैसे मोजून फ्रान्सला परत घ्याव्या लागल्या.

आपल्याकडे हे घडले ते होळकरांच्या इंदुरात. यशवंतराव होळकरांनी १९३० नंतर माणिकबाग राजवाडा सजवला. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडे काम सोपवले आणि रूलमनसारख्या फ्रेंच कलावंतांकडून सामान घडवून आणले. मुलाम्याच्या त्या खुर्च्यांचेच हे नव्या वळणाचे वंशज. १९८० साली हा संग्रह मोंटे कार्लोला लिलावात विकला गेला, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले. माणिकबागेत आता केंद्रीय करांची कचेरी आहे.

यात कायदा काय करीत होता? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे सामान पन्नाशीचे, म्हणून ते पुरावस्तू नव्हे. पण त्याच कायद्यात ‘कलानिधी’ असे दुसरे सदर आहे. कलावंत हयात नसेल तर वय न पाहता सरकार त्याची कृती कलानिधी ठरवू शकते. रूलमन १९३३ सालीच वारला होता. दार होते, कुणी उघडले नाही.

‘परदेशी खुर्च्या, संस्थानिकांचे चोचले, गेल्या तर गेल्या,’ असे आमचे काही मित्र म्हणतात. कारागीर फ्रेंच होता, कबूल. पण पैसा? तो माळव्यातल्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याचा. ज्याच्या पैशाने वस्तू आली त्याच्या खात्यावर ती मांडायची, हे तर आम्हांला बुककीपिंगच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

१९५६ पासून रामाकोना आणि इंदूर एकाच राज्यात आहेत, म्हणून आमचेही एक मागणे. होळकरांचा लालबाग राजवाडा राज्य शासनाच्या ताब्यात आहे आणि तोही फ्रेंच थाटाने सजवलेला आहे. तिथल्या प्रत्येक खुर्चीजवळ ती कोणी घडवली, केव्हा आली, किमतीचा आकडा काय आणि डागडुजी कधी झाली याची पाटी असावी. मराठीत नाही तर निदान हिंदीत.