ज्या गाडीने आलं, त्याच गाडीने परत जाऊ द्या

गणपती उठले की घाटावर काय उरतं, हे सांगायला नको. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, चमकीची तोरणं, खोट्या मोत्यांचे हार, बंद पडलेली लायटिंग. पुण्या-मुंबईत यावर दरवर्षी बोललं जातं. हेमलकसा-भामरागडचं नाव निघालं की म्हणतात, "तिकडे असा कितीसा कचरा होणार?"

कमीच होतो. पण झालेला जातो कुठे, ते विचारा.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. गणपती येतात भर पावसाळ्यात. पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही इथली जुनीच गोष्ट. काठावर टाकलेलं सगळं तेच पाणी उचलतं आणि धानाच्या बांध्यांत, नाल्यांत, मासे धरायच्या जागी नेऊन सोडतं. मातीची मूर्ती विरघळते. माळ विरघळत नाही.

"भंगारात द्या ना." भंगारवाला लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, बाटल्या घेतो. माळेत प्लास्टिक, तार, दोरा, चमकी सगळं एकत्र असतं. ते वेगळं करायची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून ती कुणालाच नको असते.

पुण्यात निर्माल्य गोळा करून त्याचं खत होतं. पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत तिथल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली, महापालिका ती पावडर वाटते. चांगलं आहे. पण त्यामागे मोठी महापालिका आहे, गाड्या आहेत, माणसं आहेत. इथून आलापल्लीच ६०-६५ किलोमीटर, तेही जंगलातून.

मोठ्या शहरालाही हे झेपतंच असं नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रा सणाच्या मिरवणुकांत लोकांवर मण्यांच्या माळा उधळतात. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या पालिकेने सांगितलं, तुंबलेल्या गटारांतून ४६ टन माळा निघाल्या! तिथे दिव्यांगांसाठी काम करणारी एक संस्था वापरलेल्या माळा जमा करते, निवडते आणि पुढच्या सणाला परत विकते. वितळवत वगैरे नाही. माळ माळच राहते, फक्त पुन्हा वापरात येते.

आपल्याला घ्यायचं ते एवढंच. प्लास्टिकच्या माळेत एकच गुण आहे, ती टिकते. आणि तीच आपण दहा दिवसांत फेकतो. इथल्या माडिया बायकांच्या गळ्यातले मणी बघा. एका दिवसासाठी कुणी ते घेतं का?

आता कुणी म्हणेल, शहरवाल्यांनी वर्षानुवर्षं मजा केली आणि आमच्या पोरांनी हौस केली की लगेच पर्यावरण आठवलं. बरोबर आहे राग. हौस करा, जोरात करा. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, ती पाळा. बाकीच्यासाठी तीन गोष्टी करता येतील.

एक, मूर्ती मंडपातून हलायच्या आधी सगळी सजावट उतरवून पोत्यात भरा. घाटावर फक्त मूर्ती आणि खरी फुलं जातील. फुलंही पाण्यात न टाकता खड्ड्यात जिरवा.

दोन, धड आहे ते पेटीत ठेवा. शाळेच्या गॅदरिंगला, लग्नाला, शेजारच्या गावाला द्या. पुढच्या वर्षी वर्गणीतले पैसेही वाचतील.

तीन, मोडकं-तुटकं इथून बाहेर गेलंच पाहिजे. माल घेऊन येणाऱ्या गाडीत परत जाताना जागा असते, त्यात ती पोती घाला. विकणाऱ्या व्यापाऱ्याने ती घ्यावीत आणि नगरपंचायतीने मंडळाला परवानगी देतानाच ही अट घालावी.

यातल्या कशालाही प्रकल्प लागत नाही, निधी लागत नाही. दोन-चार पोती, एक पेटी आणि मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटं. यंदाची वर्गणी सुरू व्हायच्या आधी ती पाच मिनिटं काढा, एवढंच सांगणं आहे.