धरण उशाला, टँकर दाराला

‘धरण उशाला नि कोरड घशाला’ ही म्हण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याला अगदी चपखल बसते. 1892 सालचं तानसा धरण इथलंच, भातसाही इथलंच. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकटं भातसा पुरवतं. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो!

पाऊस तर इथे धो धो पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी मुरतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. धरण खाली दरीत, पाडे वर डोंगरात. पाणी चढवायचं तर पंप आले, विजेचं बिल आलं, ते ग्रामपंचायतीला कुठून झेपणार? भातसाचं पाणी मात्र नदीतून पिसेपर्यंत उतरतं आणि पुढे पंपांसाठी मुंबईकडे पैसा आहे. शेवटी शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या, उंचावरच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आखावी लागली. आहे की नाही गंमत?

मुंबई महापालिकेचं 2025-26चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. शहर भातसाच्या पाण्याचे पैसे देतं, नाही असं नाही. पण ते राज्य सरकारला. पाड्यावरच्या बाईचा हंडा त्याने भरत नाही.

चीनने 1996 पासून किनाऱ्यावरचे श्रीमंत प्रांत पश्चिमेच्या गरीब प्रांतांशी जोडून दिले. फुजियानच्या वाट्याला निंगशिया आला. पैशाबरोबर अधिकारी, शिक्षक, डॉक्टरही गेले. तिथे काय, वरून हुकूम सुटला की झालं. आपल्याकडे तसं चालायचं नाही आणि चालूही नये. पण जोडी ठरली की हात झटकता येत नाहीत, एवढं मला पटतं.

मग मुंबई-शहापूर अशी जोडी का नको? पाणीपट्टीतला ठरलेला वाटा दरवर्षी तालुक्याला मिळावा, त्यातून पाड्यांच्या पंपांचं वीजबिल भरावं. महापालिकेच्या नर्सिंग शाळांमध्ये इथल्या आदिवासी मुलींना काही जागा राखाव्यात. देणगी म्हणून नव्हे हं, हक्काचा वाटा म्हणून. आणि टाकी कुठे बांधायची, नळ कुठे काढायचा हे बायकांनी ठरवावं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. नाहीतर टाकी पुढाऱ्याच्या वाड्यामागे आणि हंडा पुन्हा आपल्याच डोक्यावर!